पत्रास कारण की, रिपोर्टात पेशी निघाल्या

डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ६१. माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यातलं. ३२ वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, गॅस आला तो २०१७ मध्ये. आता नातवाला सांभाळायला पुण्यात मुलाकडे असते, दिवाळी-मे महिन्यात गावी जाते. दोन महिने झाले, सकाळी उठलं की खोकला येतो, थोडा कफ पडतो. ताप नाही, वजन उतरलेलं नाही. छातीचा फोटो साफ आला. डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला. त्यात क्षयाचे जंतू नाहीत, कॅन्सरच्या पेशी नाहीत, पण खाली लिहिलंय, 'अल्व्हिओलर मॅक्रोफेजेस भरपूर, काहींमध्ये काळे कण'. मुलाने मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला, आई, या जंतूंशी लढणाऱ्या पेशी आहेत, म्हणजे आत काहीतरी चालू आहे. विहीणबाईंनी तर सरळ विचारलं, "विडी ओढत होतात का?" मी आयुष्यात मिश्रीलासुद्धा हात लावला नाही हो. शेजारणीने प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर आणि फुफ्फुसं धुऊन काढणारं सिरप सुचवलंय, दोन्ही मिळून १,८०० रुपये. मी रोज रात्री नाकात कोमट तूप सोडते, बाळाच्याही नाकात तेलाचे दोन थेंब घालते, सर्दी होऊ नये म्हणून. या पेशी कशाच्या? काळं कधी जाईल? पावडर घेऊ का?

– चुलीपुढची आजी, पुणे

ताई, आधी विहीणबाईंचं बघू, कारण पत्रातली खरी ठसठस तिथेच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली काजळीचा कण काळा दिसतो. तो चुलीचा, विडीचा की रस्त्यावरच्या डिझेलचा, हे तो सांगत नाही. ओढणाऱ्यांच्या पेशींत बरेचदा पिवळट-तपकिरी झाक असते, पण तेवढ्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही. ३२ वर्षं फुंकणीने जाळ फुलवलेल्या बाईच्या कफात काळे कण निघाले नसते, तर मला नवल वाटलं असतं. हे वाक्य कापून त्यांना दाखवायला माझी हरकत नाही.

आता त्या पेशी. मी सगळी नोकरी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढली, आणि बेडक्याची स्लाइड हातात आली की पहिल्यांदा मी याच पेशी शोधत असे. का ते सांगते. लोक डबीत काय आणतील याचा नेम नसतो. निम्म्या वेळा नुसती थुंकी असते, त्यात तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पसरट पेशी तेवढ्या दिसतात. अशा नमुन्यावर 'कॅन्सर नाही' असं लिहिणं म्हणजे अंगणात डोकावून घरात कोणी नाही असं सांगण्यासारखं. अल्व्हिओलर मॅक्रोफेज मात्र तोंडात नसतात, घशातही नसतात. त्या राहतात फुफ्फुसाच्या अगदी तळाशी. स्लाइडवर त्या दिसल्या म्हणजे नमुना खरोखर खोलातून आलाय, आणि 'घातक पेशी आढळल्या नाहीत' या ओळीला काही वजन आहे. म्हणजे ज्या ओळीने तुमची झोप उडवली, ती तुम्ही नमुना नीट दिल्याची पावती आहे. रिपोर्टात असं समजावून लिहायची आमच्यात पद्धत नाही, ही आमची चूक.

मुलाचंही अर्धं बरोबर आहे. या लढणाऱ्या पेशी खऱ्या, पण त्या लढाई सुरू झाल्यावर येत नाहीत. निरोगी फुफ्फुसातही त्या असतातच, आणि तिथे बहुमत त्यांचंच असतं. दुर्बिणीतून फुफ्फुसाच्या एका भागात मिठाचं पाणी सोडून परत ओढून घेतात, त्या तपासात धूम्रपान न करणाऱ्या धडधाकट माणसाच्या पाण्यात शंभरातल्या ८५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी याच असतात. बाकी रक्तातल्या इतर पांढऱ्या पेशी: लिम्फोसाइट दहा-पंधरा, न्यूट्रोफिल तीनपर्यंत, इओसिनोफिल जेमतेम एखादी. हे प्रमाण उलटंपालटं झालं की आमचे कान टवकारतात. न्यूट्रोफिल वाढल्या तर जंतुसंसर्गाचा संशय. लिम्फोसाइट फार वाढल्या तर आम्ही पहिल्यांदा विचारतो, घरात कबुतरं आहेत का? दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी कबुतरांमुळे होणारा हाच फुफ्फुसाचा आजार होता. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काहींची फुफ्फुसं तिला शत्रू मानायला लागतात आणि हळूहळू घट्ट होत जातात. तुमच्या मुलाच्या बाल्कनीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावून घ्या. खोकला त्याचाच असेल असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

या पेशी तिथे करतात काय, हे मात्र जरा सावकाश सांगू द्या. माझ्या आवडीचा विषय आहे.

फुफ्फुसात सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात, म्हणजे हवेचे इवलेसे फुगे. त्यांची भिंत इतकी पातळ की हवा आणि रक्त यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही अंतर बहुतेक ठिकाणी नसतं. दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा तिथे आत-बाहेर करते, सोबत धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जंतू, काजळी. मोठे कण नाकात आणि श्वासनलिकांत अडकतात. नलिकांच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात, ते चिकट कफ सतत वर घशाकडे ढकलत राहतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. अगदी बारीक कण मात्र वायुकोशापर्यंत पोहोचतात, आणि तिथे ना केस ना कफ. झाडलोट करायला आहेत त्या या पेशी. जुन्या पुस्तकांत त्यांचं नावच 'धूळपेशी' असं होतं. भिंतीवरून सरपटत फिरायचं, दिसेल ते गिळायचं, पचेल ते पचवायचं, न पचणारं पोटात घेऊन बसायचं. तुमचे काळे कण ते हेच.

पेशी कण गिळतात हे पहिल्यांदा नीट ओळखलं इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला, तर दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. १९०८ चं नोबेल त्याला पाउल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. गंमत म्हणजे त्याच १८८२ सालच्या मार्चमध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. तो जंतू फुफ्फुसात शिरल्यावर राहतो कुठे? बहुतेक वेळा याच गिळणाऱ्या पेशीच्या पोटात. पेशी त्याला गिळते, पण तो पचत नाही, उलट आत बिऱ्हाड थाटतो. मग बाकीच्या पेशी भोवती जमून त्याला कोंडून ठेवतात. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांत तो आयुष्यभर कोंडलेलाच राहतो, दहातल्या एखाद्यालाच आजार होतो. म्हणून दोन आठवड्यांवर खोकला गेला की आम्ही क्षयाची तपासणी लावतो. तुमची झाली आहे. रिपोर्टात नुसती सूक्ष्मदर्शकाची तपासणी आहे की सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, केलीय, एवढं विचारून घ्या. नसेल तर सरकारी केंद्रात मोफत होते.

या पेशींचा खरा गुण मात्र गिळण्यात नाही, गप्प बसण्यात आहे. कल्पना करा, धुळीचा प्रत्येक कण दिसला की यांनी आरडाओरडा करून रक्तातून फौज बोलावली तर काय होईल? सूज येईल, त्या पातळ भिंती जाड होतील, फुग्यात पाणी भरेल, आणि प्राणवायू आत जायचा रस्ताच बंद. जंतू मरेलही कदाचित, पण सोबत माणूसही. म्हणून वायुकोशाचं अस्तर या पेशींना सतत 'शांत राहा' असे संकेत देत असतं, आणि या पेशीही सूज दाबणारी रसायनं सोडतात. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात २०२० मध्ये जिवंत उंदरांच्या फुफ्फुसात हे प्रत्यक्ष बघितलं गेलं. एका वायुकोशातून दुसऱ्यात जायला भिंतीत बारीक भोकं असतात, त्यातून या पेशी फिरत होत्या. जंतू आला की पटकन जाऊन त्याला झाकून टाकत होत्या, इतक्या गुपचूप की रक्तातल्या फौजेला पत्ताच लागू नये. त्यांचं फिरणं थांबवलं तेव्हा मात्र फौज आली आणि फुफ्फुसाचंच नुकसान करून गेली. घरातली एखादी मोठी बाई पाहुण्यांसमोर सांडलेला चहा पदराने पुसून टाकते आणि गप्पा चालूच राहतात, तसं काहीसं.

आता सांगा, पावडर वाढवणार काय?

'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणाऱ्यांना ती बादलीतल्या पाण्यासारखी वाटते, जितकी भरू तितकी बरी. करोनात आपण उलटं बघितलं. ज्यांची फुफ्फुसं गेली, त्यातल्या कित्येकांत जंतूपेक्षा स्वतःच्याच उसळलेल्या सुजेने जास्त घात केला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करणारं पहिलं औषध सापडलं ते डेक्सामेथासोन. साठेक वर्षं वापरातलं स्वस्त स्टिरॉइड, आणि त्याचं काम प्रतिकारशक्ती दाबणं. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना त्याने फायदा झाला नाही, हेही सांगायला हवं. मुद्दा एवढाच की या पेशींना आणखी चेव आणायची गरज नाही. पावडरीच्या डब्यावर नेमकं काय वाढतं, किती वाढतं, कशात मोजलं, यातलं काही लिहिलंय का बघा. मला तरी असा डबा अजून भेटला नाही. पैसे ठेवा, खाली त्यांना काम सांगते.

सिरपची गोष्ट त्याहून सोपी. पोटात गेलेलं सिरप अन्ननलिकेतून जातं, वायुकोशाला त्याचा स्पर्शही होत नाही. फुफ्फुस खरोखर धुतात, पण एका वेगळ्याच आजारात. वायुकोश मिटू नयेत म्हणून आत साबणासारखा एक थर असतो. तो रोज नवा बनतो आणि जुना झालेला या मॅक्रोफेज पेशी साफ करतात. काही लोकांच्या शरीरात, या पेशींना तयार करणाऱ्या जीएम-सीएसएफ नावाच्या संदेशाविरुद्धच प्रतिपिंड तयार होतात. मग पेशी अर्धवट राहतात, सफाई थांबते, फुगे त्या थराने तुंबतात आणि माणसाला धाप लागते. १९५८ मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन झालं, आणि कारण सापडायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. उपचार म्हणजे भूल देऊन, एका फुफ्फुसावर श्वास चालू ठेवून दुसऱ्यात लिटर-लिटर मिठाचं पाणी सोडायचं आणि काढायचं. सुरुवातीला बाहेर येणारं पाणी दुधासारखं पांढरं असतं. बाटलीतल्या सिरपवाल्यांना हे एकदा दाखवायला हवं. तुमच्या पेशी शाबूत आहेत, धुण्याचं काम त्या फुकट करतायत.

काळं कधी जाईल? काही हळूहळू जाईल, काही राहील. कण पोटात घेतलेल्या काही पेशी वर सरकत नलिकांपर्यंत येतात आणि कफाबरोबर बाहेर पडतात, तुमच्या डबीत आल्या तशा. काही कण छातीतल्या लसिकाग्रंथींत जाऊन कायमचे बसतात. शहरात आयुष्य काढलेल्या माणसाच्या फुफ्फुसावर शवविच्छेदनात काळे ठिपके दिसतात, आणि त्यातली बहुतेक माणसं भलत्याच कारणाने गेलेली असतात. म्हणून नुसत्या रंगाला घाबरू नका. दगडाच्या धुळीचं तसं नाही. गारगोटीची धूळ गिळलेली पेशी मरते, तिच्यातून तोच कण बाहेर पडतो, दुसरी गिळते, तीही मरते, आणि त्या जागी व्रण धरत जातो. खडी क्रशरवर किंवा खाणीत काम केलेला कुणी ओळखीचा खोकत असेल तर त्याला उद्याच पाठवा, त्यांना क्षयही लवकर धरतो.

काजळी अगदी निरुपद्रवी असंही मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात निरोगी मुलांच्या कफातल्या याच पेशी काढून त्यात किती काळं आहे हे मोजलं होतं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्या पेशींत काळं जास्त, त्यांची फुंकण्याची ताकद कमी. म्हणजे पेशी या हिशेबाच्या वहीसारख्या आहेत, किती धूर आत गेला ते त्यात उतरतं. तुमच्या वहीत ३२ वर्षं आहेत. म्हणून माझी काळजी पेशींची नाही, नलिकांची आहे. कधीही विडी न ओढलेल्या, चुलीपुढे जन्म काढलेल्या बायकांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, होतो आणि छातीच्या साध्या फोटोत सुरुवातीला काहीच दिसत नाही. सकाळचा खोकला आणि कफ ही त्याची नेहमीची पहिली खूण. तुमच्या पत्रात स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीचा, उल्लेख नाही, तेव्हा ती झाली नसावी असं धरते. नळीत पूर्ण जोर लावून फुंकायचं, मग औषधाचा फवारा घेऊन पुन्हा फुंकायचं, एवढीच तपासणी. फुंकणीची सवय आहेच तुम्हाला. १,८०० रुपयांपैकी काही इथे खर्च करा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं नावही डॉक्टरांना दाखवा, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी कित्येकांना कोरडा खोकला लागतो. तुमचा कफाचा आहे, तरी विचारायला काय जातं.

उरलेले पैसे लशीला. फ्लूच्या विषाणूने या पेशी लुळ्या पडतात, आणि एरवी त्यांनी गुपचूप उचलला असता तो न्यूमोनियाचा जंतू मोकाट सुटतो. कॅलगरीच्या त्याच उंदरांत हेही दिसलं होतं. १९१८ च्या साथीत, आपल्याकडचे जुने लोक जिला मानमोडी म्हणत, बहुतेक मृत्यू फ्लूमागून आलेल्या अशाच न्यूमोनियाने झाले होते. तुमच्या वयाला आणि धुराच्या इतिहासाला फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस, या दोन्हींबद्दल डॉक्टरांशी बोला. अगदी आतल्या पेशींना मदतच करायची असेल तर ही खरी मदत.

गावी गेल्यावर अंघोळीचं पाणी कशावर तापवता, ते पत्रात नाही. माझा अंदाज, चुलीवर. गॅस फक्त स्वयंपाकाला आणि पाणी मागच्या पडवीत, असं निम्म्या घरांत असतं. पडवीतल्या चुलीचा धूरही धूरच. निदान ती उघड्यावर न्या, ओली लाकडं लावू नका, आणि फुंकत बसायचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या.

राहिलं तेल-तूप. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इथे तुम्हाला माझा राग येणार आहे. माझ्या आजीनेही माझ्या नाकात तेल घातलं होतं, आणि प्रेमानेच घातलं होतं. पण झोपताना नाकात सोडलेलं स्निग्ध पदार्थाचं थेंबभर जरी श्वासनलिकेत उतरलं, तरी पाण्यासारखा ठसका लागत नाही, ते गुपचूप खाली जातं. तिथे या बिचाऱ्या पेशी ते गिळतात. तेल त्यांना नीट पचत नाही, फुगून साबुदाण्यासारख्या दिसायला लागतात. स्लाइडवर अशा फेसाळ पेशी दिसल्या की आम्ही विचारतो, नाकात काय घालता? प्राण्यांची चरबी, म्हणजे तूपसुद्धा, जास्त सूज आणतं. तेलाने होणारा हा न्यूमोनिया लहान बाळांत आपल्या देशात वारंवार नोंदला गेलाय, आणि कारण बहुतेक वेळा हेच, घरातल्या मोठ्या बाईने मायेने घातलेले दोन थेंब. तुमच्या रिपोर्टात फेसाळ पेशींचा उल्लेख नाही, म्हणजे तूर्त तुम्ही सुटलात. नाक कोरडं पडत असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते वापरा. बाळाच्या नाकातलं तेल आज रात्रीपासून बंद. त्याला खोकला असेल, दूध पिताना धाप लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना तेलाबद्दल स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. तेल लावायचंच असेल तर टाळूला लावा, पायांना चोळा, हवं तितकं.

स्पायरोमेट्री झाली की कागदावर एफईव्ही १ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकलेली हवा) यांचं गुणोत्तर लिहिलेलं असेल. फवाऱ्यानंतरचं बघायचं. ०.७ च्या खाली असेल तर त्याच दिवशी छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. वर असेल तरी आकडा मला लिहून पाठवा, आणि खोकला सुट्टीत गावी गेल्यावर कमी होतो की वाढतो, तेही लिहा. त्यावरून कबुतरं की चूल, हे ठरवायला सोपं जाईल.